जालव्यवहाराची जवळची वाट आणि प्रक्रियकांचे स्वभावभेद

कोणत्याही मोठ्या कार्यालयात बाहेरून आलेला कागद प्रथम आवक विभागात जातो. तेथे त्याची बारनिशीत नोंद होते, त्यावर क्रमांक व दिनांक पडतो, तो कोणत्या शाखेचा आहे हे ठरविले जाते आणि मग एका मेजावरून दुसऱ्या मेजावर असा प्रवास करीत तो संबंधित लेखनिकाच्या हाती पडतो. या पद्धतीत वेळ जातो हे खरे. परंतु कागद गहाळ होत नाही, भलत्याच्या हाती पडत नाही आणि कोणी केव्हा काय हाताळले याचा पुरावा मागे राहतो. संगणकाच्या कार्यप्रणालीत हेच काम तिचा गाभा करीत असतो. जालावरून आलेले प्रत्येक पॅकेट गाभा स्वतःच्या ताब्यात घेतो, तपासतो, त्याचा धनी कोण हे ठरवितो आणि मगच ते वापरकर्त्याच्या आज्ञावलीला देतो.

परंतु एखाद्या शाखेकडे दर सेकंदाला लाखो कागद येऊ लागले तर काय करावे? बारनिशीतील नोंदीलाच इतका वेळ लागेल की मूळ कामाला सवड उरणार नाही. अशा वेळी त्या शाखेला रस्त्यावर उघडणारा स्वतंत्र दरवाजा देण्याचा विचार साहजिकच पुढे येतो. संगणकशास्त्रात या विचाराला वापरकर्ता-क्षेत्रातील जालव्यवहार असे म्हणता येईल. यात नेटवर्क कार्डाचा ताबा गाभ्याकडून काढून थेट आज्ञावलीकडे सोपविला जातो. हा दरवाजा उघडून देण्याचे काम मात्र गाभ्यातीलच एक लहानसा ड्रायव्हर करतो. तो दरवाजा सुरक्षित असेल की नाही, आणि मुळात तो उघडेल की नाही, हे त्या ड्रायव्हरवर व खालच्या प्रक्रियकाच्या घडणीवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात लिनक्स या कार्यप्रणालीच्या आधारे या दोहोंचा विचार केला आहे.

नेहमीची वाट

नेटवर्क कार्ड आलेले पॅकेट प्रक्रियकाला न विचारता सरळ मुख्य स्मृतीत लिहून ठेवते. या पद्धतीस डीएमए असे म्हणतात. पॅकेट कोठे लिहावयाचे हे कार्डाला आधीच सांगितलेले असते. त्यासाठी स्मृतीत वर्णन-नोंदींची एक वर्तुळाकार रांग ठेवलेली असते आणि प्रत्येक नोंदीत रिकाम्या जागेचा पत्ता असतो. पॅकेट लिहून झाले की कार्ड नोंदीवर ‘पूर्ण’ अशी खूण करते आणि इंटरप्ट, म्हणजे लक्षवेधी संकेत, पाठविते.

त्यानंतर गाभ्याचे काम सुरू होते. चालू असलेले काम बाजूस ठेवून प्रक्रियक त्या संकेताकडे वळतो. पॅकेटसाठी एक व्यवस्थापकीय नोंदपत्र तयार होते. मग इथरनेट, आयपी, टीसीपी अशा एकावर एक रचलेल्या थरांतून पॅकेट वर सरकते व अखेर योग्य त्या सॉकेटच्या रांगेत जाऊन बसते. आज्ञावलीने मागणी केली की गाभा त्याची नक्कल आज्ञावलीच्या स्मृतीत करून देतो. संकेतांचा भडिमार झाला तर प्रक्रियक केवळ संकेतच घेत राहतो व प्रत्यक्ष काम ठप्प होते, ही अडचण मोगल आणि रामकृष्णन या संशोधकांनी १९९६ साली सविस्तर मांडली होती. तीवर उपाय म्हणून लिनक्समध्ये पुढे एनएपीआय ही रीत आली. तीत गर्दी वाढताच संकेत तात्पुरते बंद करून गाभा स्वतःच रांग तपासत राहतो. तथापि नोंदपत्र, थर आणि नक्कल यांचा खर्च तिनेही टळत नाही.

वेगाचे गणित

हा खर्च कितपत जड आहे हे साध्या गणिताने समजते. इथरनेटवरील सर्वांत लहान पॅकेट ६४ बाइटचे असते. त्यापूर्वी ८ बाइटची नांदी आणि त्यानंतर १२ बाइटइतके सक्तीचे अंतर धरले तर तारेवर ते ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट, इतकी जागा घेते. १० गिगाबिट वेगाच्या जोडणीवरून अशी पॅकेटे एकापाठोपाठ आली तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटे होतात. प्रत्येकाच्या वाट्याला ६७.२ नॅनोसेकंद येतात. ३ गिगाहर्ट्झच्या प्रक्रियकाला एवढ्या काळात सुमारे २०० ठोके मिळतात. मुख्य स्मृतीतून एखादी गोष्ट नव्याने आणावयाची झाली तर त्यातील बहुतेक वेळ त्या एका खेपेतच संपतो. १०० गिगाबिटच्या जोडणीवर हाच अवधी ६.७२ नॅनोसेकंदांवर येतो.

सर्वसाधारण कार्यालयीन संगणकाला या गणिताशी कर्तव्य नाही, कारण त्याच्याकडे अशी गर्दी कधीच येत नाही. परंतु दूरध्वनी कंपन्यांची केंद्रे, मोठी माहिती केंद्रे, अग्निभिंती व मार्गनिर्देशक यंत्रे यांना ते चुकविता येत नाही.

गाभ्याला वळसा घालण्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९९५ साली यू-नेट नावाने तिचा महत्त्वाचा प्रयोग झाला. आज जिचा सर्वाधिक प्रसार आहे ती डीपीडीके ही आज्ञावली-संहिता इंटेल कंपनीत २०१० च्या सुमारास आकारास आली. २०१३ पासून तिचा विकास खुल्या पद्धतीने होऊ लागला आणि २०१७ मध्ये ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आली. तिच्यात कार्डाचा खरा ड्रायव्हर वापरकर्त्याच्या आज्ञावलीतच असतो. तो संकेताची वाट पाहत नाही. एक प्रक्रियक-गाभा त्या कामालाच बांधून ठेवलेला असतो आणि तो रांगेतील नोंदी अखंड तपासत राहतो. पॅकेट येवो वा न येवो, तो प्रक्रियक शंभर टक्के गुंतलेला असतो. वेगाची ही किंमत आरंभीच ध्यानी घ्यावयास हवी.

पहिला दरवाजा : यूआयओ

आज्ञावलीला कार्ड स्वतः चालवावयाचे असेल तर तिला तीन गोष्टी लागतात. कार्डावरील रजिस्टरांपर्यंत पोचण्याची सोय ही पहिली. संकेत मिळण्याची सोय ही दुसरी. आणि कार्डाला स्मृतीचा जो पत्ता सांगावयाचा तो खरा व टिकाऊ असण्याची हमी ही तिसरी.

यांतील पहिल्या दोन गोष्टी यूआयओ या सोयीने मिळतात. ती २००७ साली लिनक्सच्या २.६.२३ या आवृत्तीत आली. तिच्याद्वारे प्रत्येक उपकरणासाठी एक फाइल उपलब्ध होते. त्या फाइलमार्फत उपकरणाची रजिस्टरे आज्ञावलीच्या पत्ता-क्षेत्रात बसविता येतात आणि ती फाइल वाचावयास घेतली की पुढील संकेत येईपर्यंत वाचन थांबून राहते. मूलतः ही सोय औद्योगिक यंत्रांतील साध्या कार्डांसाठी होती व डीएमए करणारी उपकरणे तिच्या कक्षेत धरलेली नव्हती.

म्हणून तिसरी गोष्ट तिच्यात नाही, आणि धोक्याचे मूळ तेथेच आहे. आज्ञावलीला ठाऊक असतात ते तिचे स्वतःचे आभासी पत्ते. कार्डाला हवा असतो प्रत्यक्ष भौतिक पत्ता. यूआयओच्या वाटेने जाणारी आज्ञावली गाभ्याकडील पृष्ठ-नकाशाची फाइल वाचून भौतिक पत्ता शोधते आणि तो कार्डाच्या नोंदीत लिहिते. हा आकडा बरोबर आहे की नाही हे कोणीच तपासत नाही. आज्ञावलीत चूक झाली, अथवा ती कोणा दुष्ट हेतूच्या माणसाच्या हाती पडली, तर ते कार्ड स्मृतीतील वाटेल त्या जागी लिहू शकते. मग ती जागा दुसऱ्या आज्ञावलीची असो किंवा खुद्द गाभ्याची असो. शाखेला स्वतंत्र दरवाजा देण्याऐवजी सबंध इमारतीच्या किल्ल्यांचा जुडगाच तिच्या हाती दिल्यासारखे हे आहे.

या कारणाने गाभ्याने ही वाट उत्तरोत्तर अरुंद केली आहे. २०१५ साली स्मृतीतील विद्युतभार ढळविणाऱ्या रोहॅमर हल्ल्याची चर्चा झाली. तेव्हापासून विशेषाधिकार नसलेल्या आज्ञावलीला पृष्ठ-नकाशातील भौतिक पत्ते दिसेनासे झाले. २०१९ च्या ५.४ आवृत्तीपासून गाभ्याला कुलूपबंद अवस्थेत ठेवण्याची सोय आली. ज्या यंत्रावर सुरक्षित आरंभाची व्यवस्था चालू असते तेथे यूआयओचा वापर नाकारला जाण्याचा संभव असतो. याशिवाय गाभ्यासोबत येणारा सर्वसाधारण यूआयओ ड्रायव्हर केवळ जुन्या पद्धतीचा तारेवरील संकेत ओळखतो. एका कार्डाचे अनेक आभासी भाग केले असता त्या भागांना असा संकेतच नसतो, त्यामुळे ते या ड्रायव्हरने चालविता येत नाहीत. ही उणीव भरून काढणारा आयजीबी-यूआयओ नावाचा निराळा ड्रायव्हर डीपीडीकेसोबत येत असे. परंतु तो मूळ गाभ्यात कधीच स्वीकारला गेला नाही आणि २०२० च्या अखेरीस डीपीडीकेच्या मुख्य संहितेतूनही वेगळा काढण्यात आला.

दुसरा दरवाजा : व्हीएफआयओ

२०१२ साली लिनक्सच्या ३.६ आवृत्तीत व्हीएफआयओ ही सोय आली. तिचा आधार म्हणजे आयओएमएमयू हा यंत्रातील घटक होय. प्रक्रियकात आज्ञावलीच्या पत्त्यांचे भाषांतर व तपासणी करणारा जसा एक घटक असतो, तसाच हा घटक उपकरणांच्या पत्त्यांसाठी असतो. कार्डाने कोणताही पत्ता पुढे केला की आधी त्याचा तक्ता पाहिला जातो. तक्त्यात परवानगी असेल तरच व्यवहार पुढे जातो. नसेल तर तो अडविला जातो व गाभ्याला तसे कळविले जाते.

व्हीएफआयओमध्ये आज्ञावली गाभ्याला सांगते की, ‘माझ्या स्मृतीचा हा तुकडा या उपकरणासाठी खुला करावा.’ गाभा तो तुकडा जागच्या जागी खिळवून ठेवतो आणि आयओएमएमयूच्या तक्त्यात तेवढीच नोंद करतो. भौतिक पत्ता आज्ञावलीला कळण्याची गरजच उरत नाही. तिने आपला आभासी पत्ताच कार्डाला दिला तरी चालतो. हा दरवाजा स्वतंत्र असला तरी त्यावर पहारा बसलेला असतो. फाइलीचे हक्क आणि खिळवून ठेवता येणाऱ्या स्मृतीची मर्यादा योग्य प्रकारे ठरवून दिली तर सर्वाधिकार नसलेला साधा वापरकर्ताही अशी आज्ञावली चालवू शकतो.

येथे गट ही संकल्पना समजून घेणे अगत्याचे आहे. दोन उपकरणे एकमेकांशी आयओएमएमयूला वगळून परस्पर बोलू शकत असतील तर त्यांना वेगळे करणे निरर्थक ठरते. म्हणून गाभा अशा उपकरणांचा एक गट मानतो आणि गट संपूर्णपणे एकाच धन्याच्या स्वाधीन करतो. एखाद्या यंत्रात नेटवर्क कार्ड व तबकडी-नियंत्रक एकाच गटात आढळले, तर कार्ड मोकळे करण्यासाठी नियंत्रकही गाभ्याकडून काढून घ्यावा लागेल. यंत्रातील जोडण्यांची मांडणी अशा रीतीने आज्ञावलीच्या पर्यायांना मर्यादा घालते.

घडणीनुसार बदलणारा पहारा

एक्स-८६ घडणीच्या यंत्रांत इंटेलचा व्हीटी-डी व एएमडीचा एएमडी-व्हीआय हे आयओएमएमयूचे प्रकार आहेत. या घडणीत आणखी एक बारकावा आहे. संकेत पाठविणे म्हणजे एका ठराविक पत्त्यावर लिहिणे होय. त्यामुळे लबाड उपकरण खोटे संकेत निर्माण करू शकते. म्हणून संकेतांचीही तपासणी करणारा भाग यंत्रात नसेल तर व्हीएफआयओ आपणहून काम नाकारते व प्रशासकाने धोका जाणीवपूर्वक पत्करल्याखेरीज पुढे जात नाही.

आर्म घडणीत हेच काम एसएमएमयू हा घटक करतो. परंतु आर्म ही अनेक उत्पादकांना परवाना देऊन वाढलेली घडण आहे. माहिती केंद्रांसाठी बनविलेल्या यंत्रांत एसएमएमयू असतो, तर लहान व स्वस्त मंडलांवर तो नसण्याची शक्यता असते. शिवाय येथे संकेतांचा पत्ताही एसएमएमयूमधूनच जातो. त्यासाठी पत्त्यांचा एक विभाग राखून ठेवण्याची वेगळी व्यवस्था गाभ्यात करावी लागली. आर्मवरील अनेक उपकरणे पीसीआय मार्गिकेवर नसून चिपच्या आतच जोडलेली असतात. त्यांच्यासाठी व्हीएफआयओ-प्लॅटफॉर्म हा ड्रायव्हर २०१५ साली ४.१ आवृत्तीत आला. यूआयओच्या वाटेवर तर आर्मची आणखी एक अडचण होती. पीसीआय उपकरणाची रजिस्टरे फाइलींमार्फत थेट आज्ञावलीत बसविण्याची जी सोय एक्स-८६ वर पूर्वीपासून होती, ती ६४ बिटी आर्मवर २०१७ च्या ४.१२ आवृत्तीत मिळाली. तोपर्यंत तीच आज्ञावली एका यंत्रावर चाले व दुसऱ्यावर अडे.

आयबीएमच्या पॉवर घडणीत पत्ता-भाषांतराची तऱ्हाच निराळी आहे. तेथे प्रत्येक उपकरणाला पत्त्यांची एक ‘खिडकी’ दिली जाते आणि टीसीई नावाच्या नोंदींच्या तक्त्याने त्या खिडकीतील पत्ते खऱ्या स्मृतीशी जोडले जातात. खिडकीची लांबी आणि पृष्ठांचा आकार आधी सांगावा लागतो. स्मृतीची पूर्वनोंदणीही करावी लागते. म्हणून व्हीएफआयओमध्ये एक्स-८६ व आर्म यांच्यासाठी एक पद्धत, तर पॉवरसाठी निराळी पद्धत आहे आणि आज्ञावलीला दोन्ही शिकाव्या लागतात.

रिस्क-फाइव्ह ही खुली घडण सर्वांत नवी. तिच्यासाठी डीपीडीकेचे साह्य २०२२ मध्ये आले. पॉवरसाठी ते २०१४ मध्ये आणि आर्मसाठी २०१५ मध्ये आलेले होते. रिस्क-फाइव्हचे आयओएमएमयूविषयक मानक मात्र २०२३ मध्ये मंजूर झाले. त्यापूर्वीच्या मंडलांवर पहाऱ्याची व्यवस्थाच नव्हती हे यावरून सहज ध्यानात येईल.

पहारेकरी नसलेल्या यंत्रांसाठी २०१६ च्या ४.५ आवृत्तीपासून व्हीएफआयओचा पहाऱ्याविना चालणारा प्रकारही उपलब्ध आहे. तो सुरू करण्याच्या कळीच्या नावातच ‘अनसेफ’, म्हणजे असुरक्षित, हा शब्द घातलेला आहे आणि तो वापरताच गाभा स्वतःवर ‘डागाळलेला’ अशी खूण करून घेतो. दरवाजाचे नाव तेच राहिले तरी त्यावर पहारा उरत नाही, हे विसरता कामा नये.

पृष्ठांचा आकार

स्मृतीची विभागणी पृष्ठांत केलेली असते आणि प्रक्रियक अलीकडे वापरलेल्या पृष्ठांचे पत्ते एका छोट्या तक्त्यात ठेवतो. एक्स-८६ वर साधे पृष्ठ ४ किलोबाइटचे असते. १ गिगाबाइट स्मृतीची अशी २,६२,१४४ पृष्ठे होतात. इतकी त्या छोट्या तक्त्यात मावणे शक्य नाही. २ मेगाबाइटची मोठी पृष्ठे घेतली तर ती ५१२ होतात आणि १ गिगाबाइटचे महापृष्ठ घेतले तर एकच नोंद पुरते. मोठी पृष्ठे तबकडीवर हलविली जात नाहीत, हाही त्यांचा एक लाभ आहे. म्हणून जलद जालव्यवहारासाठी ती आधीच राखून ठेवतात.

आर्मवर साध्या पृष्ठाचा आकार गाभा बांधतानाच ४, १६ किंवा ६४ किलोबाइट असा ठरवावा लागतो. ६४ किलोबाइटचा गाभा असेल तर स्वाभाविक मोठे पृष्ठ ५१२ मेगाबाइटचे होते. पॉवरवर साधे पृष्ठ बहुधा ६४ किलोबाइटचे असते; पॉवर-८ पर्यंतच्या पद्धतीत मोठी पृष्ठे १६ मेगाबाइट व १६ गिगाबाइट अशी होती, तर पॉवर-९ मधील नव्या पद्धतीत ती २ मेगाबाइट व १ गिगाबाइट अशी आहेत. ‘मोठे पृष्ठ म्हणजे २ मेगाबाइट’ असे गृहीत धरून लिहिलेली आज्ञावली अशा यंत्रावर सुरूच होत नाही, अथवा सुरू झाली तर अर्धी स्मृती वाया घालविते. शीघ्रस्मृतीच्या ओळीचाही असाच भेद आहे : एक्स-८६ वर ती ६४ बाइटची, पॉवरवर १२८ बाइटची. दोन प्रक्रियकांची खाती एकाच ओळीत आली तर ती ओळ दोघांमध्ये सतत ओढली जाते आणि वेग नकळत घटतो.

आधी काय, मग काय

या विषयातील सर्वांत फसवा भेद क्रमाचा आहे. पॅकेट पाठविताना ड्रायव्हर प्रथम स्मृतीतील नोंद भरतो आणि नंतर कार्डाच्या रजिस्टरात लिहून ‘नवी नोंद तयार आहे’ अशी घंटा वाजवितो. एक्स-८६ वर आज्ञावलीने ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने ते लिखाण इतरांना दिसते. आर्म, पॉवर व रिस्क-फाइव्ह या घडणींत प्रक्रियकाला हा क्रम बदलण्याची मुभा आहे. घंटा आधी वाजली आणि नोंद मागाहून पोचली, तर कार्ड अर्धवट किंवा जुनी नोंद वाचते व भलत्याच जागेतील मजकूर तारेवर सोडते.

पॅकेट घेतानाही हेच घडू शकते. ‘पूर्ण’ ही खूण वाचावयाची व ती दिसल्यावर लांबी आणि इतर माहिती वाचावयाची, असा आज्ञावलीचा क्रम असतो. शिथिल क्रमाचा प्रक्रियक लांबी आधी वाचून ठेवू शकतो. ती जुनी असते. खूण मात्र नवी दिसते. परिणामी आज्ञावलीला चुकीच्या लांबीचे पॅकेट मिळते.

यावर उपाय म्हणजे दोन कृतींच्या मध्ये अडसर-आज्ञा घालणे. आर्मवर त्यासाठी डीएमबी व डीएसबी, रिस्क-फाइव्हवर फेन्स, आणि पॉवरवर सिंक व तिचा हलका प्रकार एलडब्ल्यूसिंक अशा आज्ञा आहेत. पॉवरवरील हलकी आज्ञा साध्या स्मृतीतील क्रम राखते, परंतु साधी स्मृती आणि उपकरणाची रजिस्टरे यांच्यातील क्रमाची हमी देत नाही. तेथे पूर्ण सिंकच लागते. गाभ्यातील ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी हे अडसर तयार मिळतात. वापरकर्ता-क्षेत्रात ड्रायव्हर आणला की ही जबाबदारीही सोबत येते. अडसर विसरला तर एक्स-८६ वरील चाचणीत दोष दिसत नाही. दुसऱ्या घडणीच्या यंत्रावरही तो लाखात एखाद्या वेळी आणि बहुधा गर्दीच्या क्षणीच प्रकट होतो. म्हणून ‘एका यंत्रावर चालले’ हा पुरावा दुसऱ्या घडणीसाठी ग्राह्य धरता येत नाही.

घड्याळे आणि द्वारे

लहान वाटणारे आणखी काही भेदही अडचणीत आणतात. वेळ मोजण्यासाठी एक्स-८६ वर ठोक्यांचा गणक कोणत्याही आज्ञावलीला थेट वाचता येतो. आर्मवर सर्वांना खुला असलेला गणक प्रक्रियकाच्या ठोक्यांपेक्षा बराच मंद असतो. नेमके ठोके मोजणारा गणक हवा असेल तर गाभ्यात खास मॉड्यूल बसवून परवानगी द्यावी लागते. पॉवरचा काळ-गणक ५१२ मेगाहर्ट्झने चालतो. ६७ नॅनोसेकंदांचा हिशेब ठेवू पाहणाऱ्याने आपले घड्याळ कोणत्या मापाचे आहे हे आधी पाहिलेले बरे.

एक्स-८६ वर उपकरणांसाठी स्मृतीहून निराळी अशी आदान-प्रदान द्वारे आहेत व त्यांच्यासाठी स्वतंत्र आज्ञा आहेत. आर्ममध्ये तशा आज्ञाच नाहीत. व्हर्टआयओ या आभासी कार्डाच्या जुन्या रूपात रजिस्टरे या द्वारांमागे होती. त्यामुळे एक्स-८६ वर सहज चालणारे ते कार्ड इतरत्र व्हीएफआयओसारख्या मध्यस्थाखेरीज हाताळता येत नसे. आर्मवर उपकरणाच्या रजिस्टरांशी व्यवहार करताना पत्ता योग्य सीमेवर नसेल तर प्रक्रियक दोष दाखवून आज्ञावली थांबवितो. म्हणून साधी नक्कल करणारी आज्ञाही तेथे जपून वापरावी लागते.

मधला मार्ग

गाभ्याला पूर्णपणे दूर सारण्याचे तोटेही ध्यानी घेतले पाहिजेत. कार्ड एकदा यूआयओ किंवा व्हीएफआयओकडे गेले की गाभ्याच्या यादीतून ते नाहीसे होते. गाभ्याची अग्निभिंत, वाहतुकीचे आकडे आणि नेहमीची तपासणी-साधने यांपैकी काहीही त्या वाहतुकीला लागू पडत नाही. बारनिशी टाळली तर बारनिशीतील पुरावाही मिळत नाही.

म्हणून काही मधले मार्ग निघाले आहेत. इटलीतील पिसा विद्यापीठाच्या लुइजी रिझ्झो यांनी २०१२ साली मांडलेल्या नेटमॅप पद्धतीत कार्ड गाभ्याच्याच ताब्यात राहते. केवळ पॅकेटांच्या जागा आज्ञावलीबरोबर वाटून घेतल्या जातात. तरीही ९०० मेगाहर्ट्झने चालणाऱ्या एकाच प्रक्रियक-गाभ्यावर १० गिगाबिटची जोडणी लहान पॅकेटांनी पूर्ण भरून दाखविण्यात त्यांना यश आले. लिनक्समध्ये २०१८ च्या ४.१८ आवृत्तीपासून एएफ-एक्सडीपी ही अशीच सोय आहे. तिचा विशेष असा की क्रम, पत्ते व संकेत यांची घडणनिहाय काळजी कार्डाचा गाभ्यातील ड्रायव्हरच घेतो. मात्र नक्कल टाळावयाची असेल तर त्या ड्रायव्हरमध्ये तशी तरतूद असावी लागते. मेलॅनॉक्स कंपनीच्या कार्डांची रीत तिसरी आहे : त्यांच्यात नियंत्रण गाभ्याकडे राहते आणि केवळ पॅकेटांची ने-आण आज्ञावलीकडे दिली जाते, त्यामुळे कार्ड गाभ्यापासून सोडवावे लागत नाही.

निवड करताना

यंत्रसामग्री घेणाऱ्या अथवा चालविणाऱ्या अधिकाऱ्याने या विवेचनातून कोणता बोध घ्यावा? पहिला प्रश्न गरजेचा आहे. वाहतूक सेकंदाला काही हजार पॅकेटांची असेल तर नेहमीची वाटच उत्तम. एक संपूर्ण प्रक्रियक केवळ रांग तपासण्यात गुंतविण्याचे कारण नाही. गरज खरी असेल तर आधी मधल्या मार्गाने ती भागते काय ते पाहावे.

पूर्ण वळसा घालणे भागच असेल तर यंत्रात आयओएमएमयू आहे काय, तो मूलभूत आज्ञाप्रणालीत चालू केलेला आहे काय आणि कार्ड कोणत्या गटात पडते, या तीन गोष्टी खरेदीपूर्वीच तपासून घ्याव्यात. पुरवठादाराने ‘व्हीएफआयओ चालते’ असे सांगितले तर ते पहाऱ्यासह की पहाऱ्याविना, हे लेखी विचारावे. गाभ्याच्या पृष्ठाचा आकार, राखावयाची मोठी पृष्ठे आणि गाभ्याची आवृत्ती यांचा उल्लेख मागणीपत्रात असावा. एका घडणीवरून दुसऱ्या घडणीवर जावयाचे असेल तर तेथे पूर्ण भाराखाली आणि दीर्घकाळ चाचणी घेतल्याखेरीज स्वीकृती देऊ नये. क्रमाचे दोष घाईच्या चाचणीत सापडत नाहीत. गाभ्याच्या दृष्टीआड होणाऱ्या वाहतुकीची नोंद दुसऱ्या कोणत्या उपायाने राहील, हेही त्याच वेळी ठरवावे.

ज्या यंत्रातून जमिनीचे उतारे, वेतनदेयके किंवा रुग्णांच्या नोंदी जातात, त्या यंत्रात एका कार्डाला सबंध स्मृतीवर लिहिण्याची मोकळीक देणे म्हणजे थोड्या वेगासाठी लोकांचा विश्वास गहाण ठेवण्यासारखे आहे. २०१२ नंतर उपलब्ध झालेल्या साधनांमुळे अशी तडजोड करण्याची गरज बहुतेक ठिकाणी उरलेली नाही. वेग आणि पहारा ही दोन्ही एकत्र नांदू शकतात. मात्र त्यासाठी कोणत्या घडणीचा पहारेकरी काय पाहतो आणि काय पाहत नाही, हे यंत्र चालविणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे.